गिरधरनानांच्या विहिरीतले हिरे

गिरधर पाटलाच्या विहिरीत हिरे निघाले, ही बातमी खुद्द गिरधर विहिरीतून वर यायच्या आत गावभर झाली होती. दुसऱ्या दिवशी ती पाचोऱ्याच्या बाजारात फिरत होती. यात गिरधरचा काही दोष नव्हता. दोष त्याने नंतर केला.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. लोणखेड्याच्या शिवारात गिरधरची जमीन चांगली काळी, कसदार, पण पाण्याविना तहानलेली. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली जो काळा पत्थर लागे तो पहारीला मुळीच दाद देत नसे. म्हणून त्याने झिपरू सुरुंगवाल्याला बोलावलं होतं. झिपरू पत्थराला भोक पाडी, त्यात दारू ठासून वात पेटवी आणि दोराला धरून भराभर वर येई. त्या दिवशी सुरुंग उडाला, धूर निवळला, आणि पुन्हा खाली उतरलेल्या झिपरूने हाक दिली, "नाना, पत्थरले पोट शे. आत काही चमकी राह्यनं."

गिरधर कंदील घेऊन उतरला. पत्थराच्या भिंतीत एक शेळी बसेल एवढी पोकळी उघडी पडली होती आणि तिचं आतलं सगळं अंग खड्यांनी मढलेलं होतं. काही खडे पाण्यासारखे नितळ, चार अंगांचे, टोकाला निमुळते, जणू कुणी कारागिराने बसून पैलू पाडलेत. काही सायीच्या रंगाचे, गुलाबी झाक असलेले, गव्हाची पेंढी मधोमध आवळावी तसे जुड्याजुड्यांनी उगवलेले. मधूनमधून पांढऱ्या सुयांचे झुबके, इतके नाजूक की फुंकरीने मोडावेत. कंदील जरा हलला की सगळी पोकळी लखलखे.

गिरधरने मूठभर नितळ खडे पंच्यात बांधले. वर माणसं जमलीच होती. त्यांतल्या कुणी तरी 'हिरे' हा शब्द उच्चारला, आणि मग तो शब्द परत कुणाच्या तोंडात शिरेना.

आता गिरधरचा दोष. बाजारच्या दिवशी पाचोऱ्यात ओळखीचे लोक विचारू लागले, "का नाना, खरं का?" यावर 'मला काय ठाऊक' असं सांगता आलं असतं. पण गिरधरने टोपी सारखी केली, मंद हसला आणि म्हणाला, "बघू."

त्या 'बघू'ने सगळा घोटाळा केला. 'नाही' म्हणणाऱ्या माणसावर लोक निम्मा विश्वास ठेवतात, 'हो' म्हणणाऱ्यावर त्याहून कमी. 'बघू' म्हणणाऱ्यावर मात्र पुरता. तालुक्यात गिरधर हिरेवाला झाला. त्यालाही ते गोड लागलं. भर चैत्रातल्या उन्हात तो कोट घालून शेतावर जाऊ लागला.

घरात त्याची बायको बेबाबाई आणि लेक कुंदा. कुंदाची सोयरीक त्याच सुमाराला ठरत आली होती. मुलगा वना, धुळ्याकडच्या धनसिंग पाटलाचा. पाहणं झालं होतं, पसंती झाली होती. आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा, सण उलटला की सुपारी फोडायची, म्हणजे शब्द पक्का, असं ठरलं होतं. कुंदाला हे स्थळ किती मनातून हवं होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही. पाहुणे गेल्यावर फक्त आईला विचारलं, "माय, धुळ्याले जावाले गाडी कोठे बदलतंस?" बेबाबाईने गालात हसून सांगितलं, "चाळीसगावले." तेवढ्यावर मायलेकींचं बोलणं पुरं झालं होतं.

आणि एका दुपारी मध्यस्थ हिलाल तोंड एवढंसं करून ओट्यावर येऊन बसला. हिलाल दोन्ही घरांचा लांबचा नातलग. सोयरिकी जुळवणं हा त्याचा आवडता उद्योग, आणि मोडलेली सोयरीक त्याला स्वतःच्या आजारपणासारखी लागे.

"नाना, धनसिंगआबा नही म्हनतंस," तो म्हणाला.

"का? पोरीत काय खोट काढली?"

"पोरीत नही. तुम्हनामा. तुम्ही श्रीमंत व्हयी गयात."

गिरधरला आधी हसू आलं, मग हिलालचा चेहरा पाहून ते गेलं. हिलालने सगळं सांगितलं. धनसिंगच्या थोरल्या भावाने कधी काळी मोठ्या घरची मुलगी केली होती. त्या वहिनीने माहेरून आणलेला पितळी हंडा आजही घरात वेगळा मांडलेला होता. त्याला कुणी हात लावायचा नाही, त्यातलं पाणी कुणी प्यायचं नाही. त्या हंड्याकडे बघत धनसिंगचं अर्धं आयुष्य गेलं. तेव्हापासून त्याने पण केला होता, सून आणायची ती बरोबरीच्या घरची.

"आबा काय म्हनतंस माहीत शे?" हिलाल म्हणाला. "म्हनतंस, हिरेवालानी पोर मन्हा घरमा शेण कशी थापी? आनि थापंच तं मीच तिन्हापुढे मान खाले घाली बठसू. माले नको."

दाराआड कुंदा उभी होती. ती रडली नाही. बाहेर येऊन भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या खड्यांकडे तिने बोट केलं. "बापू, हाई बठ्ठं उकिरडावर टाकी द्या."

"उकिरड्यावर?" गिरधर दचकला. "अजून ठरलं कुठं, काय आहे ते?"

"मंग ठराई टाका," बेबाबाई आतून म्हणाली. "सकाळनी गाडीने जळगावले जाऊत. सराफ सांगी. हिरा निघना तं हिरा, दगड निघना तं दगड. पण पोरना संसार तुम्हना 'बघू'वर टांगी ठेवू नका."

सकाळी नवरा-बायको गाडीत बसले. खडे गिरधरच्या धोतराच्या सोग्यात बांधलेले, आणि सोग्यावर त्याचा हात. त्याचं मन मोठ्या पेचात होतं. लेकीची सोयरीक टिकावी म्हणून ते दगड निघायला हवे होते. आणि तरीही, गाडी जळगावच्या जवळ येऊ लागली तशी त्याला वाटू लागलं, एखादा, निदान एखादा तरी खरा निघावा. लहानसा. कुणाला न सांगण्याजोगा.

सराफ बाजारात मगनशेठ म्हणून एक गमत्या म्हातारा होता. बेबाबाईच्या माहेरची माणसं त्याच्याकडेच डागदागिने घडवत. त्याने खडा तळहातावर घेतला, वरखाली झेलला आणि म्हणाला, "हलका आहे."

"हलका म्हणजे?" गिरधरने विचारलं.

"म्हणजे दिसतो त्या मानाने वजन नाही. पण घाई नको. माणसालासुद्धा आपण एका बोलण्यावर पारखत नाही."

त्याने खड्यावर तोंडाची वाफ सोडली. वाफेचं मळभ बराच वेळ तसंच राहिलं. मग तिजोरीतून त्याने नाकातली एक हिऱ्याची मोरणी काढली आणि तिच्यावरही वाफ सोडली. ती डोळ्यादेखत उडून गेली. गिरधरने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"आता हे बघा." मगनशेठने काचेचा एक तुकडा पुढे ओढला. मोरणीचा खडा काचेवरून नेला तशी बारीक करकर झाली आणि काचेवर रेघ उमटली. पुसली तरी जाईना. मग त्याने विहिरीतला खडा तसाच ओढला. काचेवर पांढरी पूड सांडली. बोटाने पुसली, काच जशीच्या तशी. खड्याचाच कोपरा झिजला होता.

"दगडांचीही पंगत असते, नाना," मगनशेठ म्हणाला. "जो दुसऱ्याला ओरखडतो तो वरच्या पाटावर बसतो. सगळ्यात वर हिरा. त्याला कुणी ओरखडू शकत नाही. त्याच्याखाली माणिक. बरंच खाली आपली नदीतली गारगोटी. तिच्याखाली काच. आणि तुमचा पाहुणा काचेच्याही खाली बसलाय."

"पण शेठ, अंधारात चमकत होता."

"कंदील कुणाच्या हातात होता?"

"माझ्या."

"मग चमकत होता तो कंदील."

बेबाबाई पदराआड हसली. मगनशेठला आता रंग चढला होता. त्याने खड्यावर आडवी सुरी टेकवून हलकेच ठोकलं. खडा कांद्याच्या पापुद्र्यासारखा सपाट सुटला, आणि सुटलेल्या अंगावर मोत्यासारखी झाक दिसली. त्यातलाच एक कपचा त्याने चिमट्यात धरून शेगडीतल्या निखाऱ्यावर ठेवला. तो तडतडला, पापुद्रे सुटून फुगला आणि पांढराफटक झाला.

"हिरा असा ज्वारीच्या लाहीसारखा फुलतो का, अक्का? याच्या पोटात पाणी आहे. आच लागली की ते निघून जातं. सुंदर दगड आहे, घरात ठेवा, देवापुढे ठेवा. पण हिरा नाही."

गिरधरचं तोंड पडलं. मग त्याला आठवलं की आपण आनंदी व्हायला आलो होतो.

"शेठ, आमचे होणारे व्याही मध्यस्थाजवळ म्हणाले, घणाने परीक्षा करायची. खरा असेल तर फुटायचा नाही."

"घणाचं काही ऐकू नका. घण बसला तर अस्सल हिऱ्याचाही चुरा होतो. कठीण असणं वेगळं आणि मार सोसणं वेगळं. ओरखडा काढून बघायचा, बस्स."

दगड तो दगडच निघाला, हा निरोप हिलालने धुळ्याकडे पोचवला. आणि उत्तर घेऊन तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पहिल्याहून लहान झाला होता.

"आबा म्हनतंस, सराफले सांगीसन दगड ठरावाले कितलाक वेळ लागस? चोरंसनी भीतीने लोके घरमाधला हिरासले काच म्हनतंस. मी सोता येसू. आनि मन्हा घणंच लयी येसू."

गिरधरने कपाळाला हात लावला. आपण हिरेवाले आहोत असं जगाला पटवायला त्याला एक 'बघू' पुरला होता. आपण हिरेवाले नाही, हे एका माणसाला पटेना.

आखाजी होऊन गेल्यावर धनसिंगआबा आले. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा माणूस. अंगावर स्वच्छ धुतलेली जाड बंडी. मागून हिलाल, आणि हिलालच्या खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेला लोहाराचा घण. धुळ्याहून चाळीसगाव, चाळीसगावहून पाचोरा, आणि तिथून लोणखेड्यापर्यंत पायी. हिलाल घामाने निथळत होता.

"आमच्या गावात घण नव्हता का?" गिरधरने विचारलं.

"व्हता असी," धनसिंगआबा म्हणाले. "पण तुम्हना गावना घण तुम्हनंच आयकी."

घरी पाणीसुद्धा न घेता ते थेट विहिरीवर गेले. घरात ठेवलेले खडे त्यांना नको होते. ते निवडून, बदलून ठेवले नसतील कशावरून? झिपरू खाली उतरला आणि आबांच्या देखत पोकळीतला एक नितळ खडा उपटून वर आला. मागे अर्धं गाव होतं.

आबांनी खडा हातात घेतला, उन्हाकडे धरला, आणि विहिरीच्या काठावर जिथं काढलेल्या ओल्या काळ्या मातीचा ढीग पसरलेला होता तिथं अलगद ठेवला. बंडीच्या बाह्या वर केल्या. घण उचलला. गिरधरने मनातल्या मनात हात जोडले.

घण धपकन बसला. आबांनी तो उचलला तर खाली खडाच नाही.

"चुरा व्हयना," हिलाल आनंदाने म्हणाला.

पण चुरा कुठं दिसेना. आबा गुडघ्यावर बसले, बोटं मातीत खुपसली आणि टीचभर खोलातून खडा बाहेर काढला. धोतराला पुसला. कोपरा न कोपरा शाबूत. मागच्या गर्दीतून एक मोठा श्वास ऐकू आला.

"नाना," आबा शांतपणे म्हणाले, "हाऊ हिराच शे. रामराम."

"आबा, माती मऊ आहे. खडा आत गेला. तिकडं त्या पत्थरावर ठेवून मारा."

"आनि फुटना तं?"

"तर दगड."

"आनि हिरा फुटना तं? मन्हा हातथून तुम्हनं नुसकान. मंग मी जन्मभर तुम्हना देनदार. वा."

"पण आबा, हिरा फुटत नाही असं तुम्हीच म्हणता ना?"

"नही फुटस. तेन्हाकरताच तं फुटना नही."

हिलालने घण आडवा पाडला आणि त्याच्यावरच बसला.

पण दारी आलेला पाहुणा न जेवता गेला, असं खानदेशात शत्रूच्याही घरी होत नाही. बेबाबाईने सकाळपासून मांड्यांसाठी पुरण वाटून ठेवलं होतं, आंब्यांचा रस काढून ठेवला होता, आणि चुलीवर पालथं खापर तापत होतं. विहिरीवरून परतलेली मंडळी घरापुढून जाऊ लागली तशी ती दारात येऊन पदर सावरून म्हणाली, "आबा, सोयरीक राहू द्या. जेवानले काय व्हयनं? मांडा खापरवर शे."

आबांना नाही म्हणवेना. ते ओट्यावर टेकले. जेवायला वेळ होता म्हणून त्यांनी कमरेची चंची सोडली, विडी काढली, आणि त्या काळातही ज्या जुन्या माणसांना काडेपेटी नको वाटे त्यांच्यासारखी चकमक काढली. पोलादाचा तुकडा, कापसाची वात आणि एक लालसर गारगोटी. दोन ठोक्यांत ठिणगी पडली, वात धरली, विडी पेटली.

दाराच्या फटीतून कुंदा पाहत होती. वडिलांनी जळगावची हकिगत घरी इतक्या वेळा सांगितली होती की पंगतीतला कोणता दगड कोणत्या पाटावर, हे तिला पाठ झालं होतं. ती आत आईला म्हणाली, पण आवाज ओट्यापर्यंत जाईल असा, "माय, आबासले सांग, त्यासनी गारगोटी आपला दगडवर ओढी दखा."

बेबाबाई चुलीपुढून उठून दारात आली. "आबा, पोर सांगस—"

"आयकं मी," आबा म्हणाले. "कसाले ओढू?"

बेबाबाईने आत पाहिलं. आतून उत्तर आलं, "हिरावर कोन्हीच ओरखडा काढू शकस नही. गारगोटीबी नही. घण तुम्हना व्हता, गारगोटीबी तुम्हनीच शे."

आबांनी विडी ओट्याच्या कडेला ठेवली. मग त्यांनी विहिरीवरचा तोच खडा डाव्या हातात धरला आणि गारगोटीचा धारदार कोपरा त्याच्यावरून ओढला. नितळ अंगावर पांढरी रेघ उठली. आबांनी थुंकी लावून अंगठ्याने चोळली. रेघ गेली नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूने ओढली. तिथंही रेघ. मग उलटं केलं. खड्याचं टोक गारगोटीवर घासलं. गारगोटीवर पीठ सांडलं. फुंकर मारली, पीठ उडालं, गारगोटी कोरी.

हिलाल उठून जवळ आला.

"म्हनजे मन्ही गारगोटी याले ओरखाडस," आबा म्हणाले.

"हो."

"आनि हिराले ती ओरखाडती नही."

"नाही, आबा."

आबांनी गारगोटी दोन बोटांत धरून डोळ्यांसमोर नेली. "हाई पांझरा नदीनी वाळूमा माले सापडनी. बैल धुवाले गयथू तवय. फुकटनी." मग त्यांच्या मिशा हलू लागल्या, खांदे हलू लागले, आणि ते खोकल्यासारखं हसले. "गिरधरनाना, तुम्हनी बठ्ठी विहीर एकीकडे आनि मन्ही चंचीमाधली हाई गारगोटी एकीकडे. मन्हीच भारी."

एरवी गिरधरने हे मुकाट ऐकून घेतलं असतं, आणि घ्यायलाच हवं होतं. पण त्याला राहवलं नाही. "भारी असेल, पण दिसायला आमचा चांगला आहे."

हिलालने डोळे मिटून घेतले. बेबाबाईने दाराची चौकट धरली.

आबांनी खडा पुन्हा उन्हात धरून फिरवला. "दिसाले चांगला शे," ते म्हणाले. "ते कबूल." आणि दाराकडे तोंड करून, "पोरी, तू बाहेर ये. घणनी परीक्षा मोडी ती तू. मन्हा घरमा बोलणाऱ्या बाया शेतंस, पण कामनं बोलणारी एकबी नही. हिलाल, सुपारी काढ."

हिलालच्या खिशात सुपारी होतीच. चांगला मध्यस्थ ती मोडलेल्या सोयरिकीलाही सोबत नेतो. पाटावर तांदूळ पसरले, सुपारी ठेवली, दोन्ही बापांनी हात लावला, आणि विहिरीवरून मागोमाग आलेल्या झिपरूने ती फोडली, कारण त्या घाईत घरातला अडकित्ता कुणालाच सापडेना आणि पहार त्याच्या हातात होती. सुपारीचे तुकडे ओट्यावर उडाले. पोरंटोरं ते शोधायला धावली. बेबाबाईने गूळ वाटला. कुंदा बाहेर आली, वाकून नमस्कार केला आणि मान वर न करता आत गेली, पण आत जाताना तिची चाल जरा जास्तच वेगाची होती.

"आते वाढा," आबा बेबाबाईला म्हणाले. "हिरेवालाना घर जेवतू तं पचतं नही."

या सगळ्या गडबडीत खापरावरचा मांडा विसरला गेला होता. एका बाजूने तो पार काळा झाला. बेबाबाई ओशाळून दुसरा टाकायला निघाली, पण आबांनी हात पुढे करून तोच ताटात घेतला, रसात बुडवला, करपलेल्या बाजूसकट खाल्ला, आणि आणखी एक मागितला.